वीतभर मागे घेतलेला हात

सुखदेवमामांमुळे मी शिकलो. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे जे लिहायचं आहे ते कुणाला कृतघ्नपणाचं वाटणार नाही. मामा माझ्या आईचे चुलतभाऊ, किन्हीराजाचे. वडील गेल्यावर आई मेडशीत लोकांच्या शेतावर निंदायला जायची, आणि सातवीनंतर मी गुरांमागे जाणार हे घरात जवळपास ठरलं होतं. एक दिवस मामा एसटीतून उतरले, अंगणात उभ्या उभ्या आईला म्हणाले, "बाई, याले मी नेतो. हा शिकन." त्यांनी मला वाशीमच्या वसतिगृहात नेऊन घातलं. पुढे कॉलेजात गेल्यावर मी शेलूबाजारला त्यांच्याच खोलीत राहिलो. आमच्या घराण्यात पदवी माझ्या आधी कुणाच्या नावामागे लागली नव्हती.

मार्च संपत आला, मुलं हातात पुठ्ठा आणि त्याला अडकवलेलं प्रवेशपत्र घेऊन रस्त्याने जाऊ लागली, की अजूनही माझ्या नाकात तिळाच्या तेलाचा वास येतो. कापूर घालून कोमट केलेलं तेल. मी आयुष्यभर मास्तरकी केली, कितीतरी परीक्षांना वर्गात पहारा दिला. शांत वर्गात, पंख्याच्या घरघरीखाली, कुणी पान उलटलं की तो वास यायचा आणि मी खिडकीपाशी जाऊन उभा राहायचो. बाहेर कडुनिंब मोहरलेला असायचा. मुलांना वाटायचं, सर कडक आहेत, बोलत नाहीत.

तो वास ज्या उन्हाळ्याचा, तो बहात्तरच्या दुष्काळातला. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, आम्ही अकोल्याचे. सोयाबीनही आलेलं नव्हतं. रानात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या आणि तुरीचे खुंट उभे होते, त्यांतून वारा फिरला की हाडं घासल्यासारखा आवाज यायचा. रेशनवर लाल मिलो, अमेरिकेहून आलेली ज्वारी, मिळायचा. त्याची भाकरी थापताना फाटायची, आणि मामा ती फाटकी भाकरी माझ्या ताटात टाकत नसत, स्वतः घेत. मला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचे पेपर द्यायचे होते. मामा बाजारात हमाली करत. पोतं पाठीवर घेताना त्यांच्या मानेची शीर जाड दोरासारखी वर यायची, आणि बाहेरगावचा एखादा माणूस थबकून विचारायचा, "हा पहेलवान होता काय हो?"

पहेलवान होते. पण कोणत्या जातीचे पहेलवान, यावर शेलूबाजारात एकमत नव्हतं.

मामा मातीतल्या कुस्तीचे नव्हते. ते फ्रीस्टाईलच्या कंपनीत होते. तिकीट लावून, पटांगणात तंबूचं कापड घेरून, चारी बाजूंनी दोऱ्या ओढलेल्या मंचावर ती कुस्ती व्हायची. त्यात जोडीची कुस्ती सगळ्यांत शेवटी. दोघं विरुद्ध दोघं, पण आत एका वेळी एकेकच. दुसऱ्याने आपल्या कोपऱ्यात दोरीबाहेर उभं राहायचं. आतल्याने येऊन हाताला हात लावला, तरच बाहेरच्याने आत जायचं. आमच्याकडचे लोक याला 'हात देणं' म्हणत. मामा आणि मंगरूळपीरचे गफूरचाचा यांची जोडी होती. जाहिरातीत 'पहाडी जोडी' छापलेलं असायचं. आमच्याकडे पहाड म्हणावा असा डोंगर नाही, पण कुणी हरकत घेतली नाही.

मामांना कुस्ती मिळाली ती गफूरचाचांमुळे. किन्हीराजाच्या तालमीत तेव्हा आमच्या वस्तीतल्या पोराला मातीत पाय घालू देत नसत. मामा भिंतीबाहेर उभे राहून आतला दणदणाट ऐकायचे. गफूरचाचा एका जत्रेत त्यांना भेटले, दंडावर थाप मारून म्हणाले, "चल मंगरूळले. आमच्या तालमीत कोनी जात नाई इच्यारत." त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांची मालिश केली. जोडीचा तसा रिवाज होता. पहेलवान आपली पाठ परक्याच्या हाती देत नाही.

त्यांच्या जोडीची एक खास बाब होती आणि ती बघायला लोक गाड्या जुंपून यायचे. गफूरचाचा आत मार खायचे. खाता खाता गुडघ्यावर यायचे, मग पोटावर, मग आपल्या कोपऱ्याकडे सरपटायचे. मामा दोरीवर ओणवून हात लांब करायचे. चाचांचा हात वर यायचा, बोटं बोटांना लागणार, आणि नेमकं तेव्हाच मामा आपला हात वीतभर मागे घ्यायचे. जसा काही तोल गेला, जसा काही पंचाने ढकलला. बोटं चुकायची. समोरचा गडी चाचांना पायाला धरून ओढत मधे न्यायचा. लोक किंचाळायचे. असं दोनदा व्हायचं. तिसऱ्यांदा हाताला हात लागायचा, मामा दोरीवरून उडी घेऊन आत यायचे, आणि मग पटांगणात कोणी खाली बसलेलं नसायचं. हे सगळं आधीच ठरलेलं असतं हे अर्ध्या लोकांना माहीत होतं. त्यांना त्याची फिकीर नव्हती.

अकोल्याच्या त्या संध्याकाळी मी होतो. दहावीत होतो. मामांनी पास पाठवला होता आणि मी वसतिगृहातल्या दोन मित्रांसह तिसऱ्या रांगेत बसलो होतो. समोरच्या जोडीने तोंडाला काळे मुखवटे बांधले होते. त्यातल्या एकाने चाचांना उचलून आपटलं. पाठीवर पडायचं होतं, ते मानेवर पडले. आवाज वेगळा आला असेल, पण त्या गलक्यात कोण ऐकतो. चाचा सरपटत कोपऱ्याकडे आले. एकाच बाजूने सरपटत होते. आम्ही म्हणालो, काय नाटक करतो हा माणूस. मामांनी हात लांब केला आणि मागे घेतला. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. चाचांना पुन्हा ओढून नेलं, ते पुन्हा आले, याहून हळू. मामांनी पुन्हा हात मागे घेतला. टाळ्यांनी कापड हललं. तिसऱ्यांदा चाचांचा हात वर आलाच नाही.

त्यानंतर चाचा मानेखाली हलले नाहीत. कंपनी आठवडाभराने पुढच्या गावाला गेली. मामा गेले नाहीत.

शेलूबाजारच्या स्टँडसमोर शामरावचं हॉटेल होतं. भट्टी, दोन बाकडी, भिंतीला पहाडी जोडीची एक जुनी जाहिरात, धुराने पिवळी पडलेली. माझी परीक्षेची पुस्तकं मी बऱ्याचदा तिथेच वाचायचो, कारण खोलीतला पत्रा तापायचा. आणि पुस्तकावरून डोकं वर काढलं की तोच वाद चालू असायचा. शामराव मामांच्या बाजूचा. समोरच्या दुकानात मशीन चालवणारा महादेव शिंपी विरुद्ध बाजूचा. बाकीचे येता-जाता तेल ओतणारे.

"जोडी कसली बे," महादेव म्हणायचा, "गफूर बैल होता अन् सुखदेव त्याच्या गळ्यातली घंटी."

"घंटीबिगर बैल गाडीले शोभते काय?" शामराव चहा वरून ओतत म्हणायचा. "त्याची उडी पाह्यली होती काय तुनं? दोरीवरून सिदा आत. जसा काई बंदुकीतून सुटला."

"उडी तं माह्या बोकड बी मारते."

"मंग त्याले पाठव ना अकोल्याले. तिकीट लावून."

मातीत कुस्ती खेळलेले एक म्हातारे वस्ताद यायचे, ते दोघांनाही झिडकारायचे. "हे कुस्तीच नोय बापा. आमच्या वक्ताले मातीले पाठ लागली का झाली कुस्ती. याहीची पाठ लागते, उठते, मंग डबल लागते, डबल उठते. कोन जितला ते तिकीटवाल्यालेच ठाव."

आणि मग गाडी फिरून त्या संध्याकाळवर यायची. कुणी म्हणे, मुखवटेवाल्यांशी आतून ठरलं होतं. कुणी म्हणे, गफूरचं नाव मोठं व्हायला लागलं ते याला बघवलं नाही. महादेव मशीनवरचा पाय थांबवून सांगायचा, "मी सोता होतो तेथी. त्यानं हात मांगं घेतला. या डोयानं पाह्यलं म्या. दोस्त मरून राह्यला अन् यानं हात मांगं घेतला."

"अबे तो दर खेपेलेच घे मांगं," शामराव म्हणायचा.

"दर खेपेले दोस्ताची मान नोयती मोडली."

 शामराव भट्टीत लाकूड सारायचा.

सगळ्यांत वाईट म्हणजे मामा तिथेच असायचे. पोती उतरवून झाली की कोपऱ्यातल्या बाकड्यावर येऊन बसायचे, बशीतून चहा प्यायचे. ते आल्यावर कुणी गप्प होत नसे. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर बोलत. मामा रागावत नसत. कधी कधी एखादी चूक दुरुस्त करायचे, तेही चहाची बशी खाली न ठेवता. "ते खामगाव नोयतं. मूर्तिजापूर होतं." मग वाद पुढे चालू.

मी एकदा खोलीत विचारलं, तुम्ही त्यांना काही बोलत का नाही. मामा पाठ चोळत होते. म्हणाले, "लोकाईनं पैशे देऊन पाह्यलं. त्याईले बोलाचा हक हाय." मग हात थांबवून, "लोकं काय म्हन्तात ते मी रोजच आयकतो. गफूर काय म्हन्ते ते आयकाचं हाय मले. तेवढंच रायलं."

दर शुक्रवारी मामा मंगरूळपीरला जायचे. पेपर सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी मला घेऊन गेले, गफूरने भाच्याला बघायचं म्हटलंय म्हणून. अंधारी, शेणाने सारवलेली खोली, बाहेर शेळ्या. खाटेवर चाचा. मी तिसऱ्या रांगेतून पाहिलेलं ते अंग आता चादरीखाली जवळपास नव्हतंच. डोकं तेवढं मोठं राहिलं होतं. मामांनी चुलीवर तेल कोमट केलं, कापूर चुरला, चाचांना कुशीवर केलं आणि पाठ चोळायला लागले. पाठीवर पडून पडून झालेल्या जखमा होत्या. त्या चुकवत मामांचे हात फिरत होते. घरात मोठा भाऊ होता, पुतणे होते. पाठ मात्र चाचा फक्त मामांच्या हाती देत.

"आला काय रे प्रोफेसर," चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. त्यांना वळता येत नव्हतं. "इतिहासाचा पेपर हाय म्हने तुह्या. मंग सांग, पहिला पहेलवान कोन?"

"ते अभ्यासाला नाही, चाचा."

"नाई ना? मंग कायले शिकतं ते?" हसले. हसताना घशात घरघर झाली. मग मिलोच्या भाकरीला नावं ठेवली, विहिरीचं पाणी कसं तळाला गेलं ते विचारलं, माझी आई कामावर जाते का विचारलं. सगळं बोलले. त्या संध्याकाळचं एक अक्षर नाही. मामा चोळत राहिले. एकदा त्यांचे हात थांबले, मला वाटलं आता विचारतील. चाचा म्हणाले, "थांबला काहून?" मामा पुन्हा चोळू लागले.

परतताना स्टँडवर धूळ उडत होती. मामा म्हणाले, "आजबी नाई इच्यारलं."

"मी विचारू का पुढच्या वेळी?"

"नोको. तुनं इच्यारलं तं तो तुले बरं वाटन असं सांगन."

इतकी वर्षं झाली. मी कितीतरी पुस्तकं वाचली, माणसं एकमेकांना का माफ करतात आणि का करत नाहीत यावर वर्गात बोललोही. त्या खोलीतल्यासारखं शांत आणि भयंकर काही मी पुन्हा पाहिलं नाही. ज्याने हात मागे घेतला तोच पाठ चोळतो आहे, दुसरा शेळ्यांच्या गोष्टी करतो आहे, आणि दोघांनाही ठाऊक आहे की खोलीत तिसरं काहीतरी बसलेलं आहे. चाचांचं गप्प राहणं म्हणजे क्षमा होती की शिक्षा होती? दोन्ही बाजूंनी मी मनाशी उत्तरपत्रिका लिहून पाहिल्या. दोन्हींना पासापुरते गुण पडतात.

पेपर चालू झाले. दोन पेपरांच्या मधल्या सुटीच्या दिवशी सकाळी जीपवाला निरोप घेऊन आला, गफूर गेला. जखमा चिघळून ताप आला होता. मामा पोतं पाठीवर घेऊन चालले होते. त्यांनी ते पोतं जिथे टाकायचं तिथे नेऊन टाकलं, मग जीपमध्ये बसले. मी बसलो. महादेव शिंपीही दुकान बंद करून आला. गफूरचा तो खरा चाहता होता, हे मान्य केलं पाहिजे.

दुपारच्या नमाजनंतर जनाजा निघाला. ऊन असं होतं की रस्त्यावरचे सगळे डोळे बारीक करून चालत होते. खांदा सगळ्यांनी द्यायचा असतो. चार पावलं चालायचं, मागून कुणी आलं की त्याला जागा द्यायची. मामा पुढे झाले, उजव्या बाजूचा दांडा घेतला. मागून एकजण आला, त्याने दांड्याला हात घातला. मामांनी जागा दिली नाही. दुसरा आला. मामा मान खाली घालून चालतच राहिले. दांडा त्यांच्या खांद्यात रुतला होता. कुजबुज सुरू झाली. गफूरचाचांचे थोरले भाऊ सत्तारभाई जवळ आले, हळूच म्हणाले, "छोड दे सुखदेव. सबका हक है."

मामांनी सोडला. लोक पुढे गेले, ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, हात तसेच वर. माझ्या शेजारून महादेव म्हणाला, "तवा हात देल्ला नाई. आता खांदा सोडून नाई राह्यला."

कुणी हसलं नाही. कुणी त्याला गप्पही केलं नाही. मीही नाही.

माती दिल्यावर मामा सत्तारभाईंपाशी गेले. मी मागे होतो. त्यांनी विचारलं, "जाच्या आगोदर काई बोलला काय?"

सत्तारभाई थकलेले होते. त्यांना प्रश्नाचं वजन कळलं की नाही, कोण जाणे. म्हणाले, "पानी मांगा. और क्या बोलता."

मामांनी मान हलवली. जणू एवढंच विचारायचं होतं.

 शेलूबाजारला उतरून खोलीकडे जाताना मामा अचानक थांबले. "तू बी होता ना तेथी. तिसऱ्या रांगीत."

"हो."

"तू आता शिकला. हे सारे अडानी, आपापलं बोलतात. तुह्यं मत काय? मले कळाले पायजे होतं काय?"

 मामाच म्हणाले, "आता नोको सांगू. उद्या पेपर हाय तुह्या." आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी माझ्यासाठी भाकरी केली, फाटू न देता.

त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. निकाल लागला, मी पास झालो, लांबच्या एका गावी शाळेत लागलो. दुष्काळ सरला. माझ्याकडे त्यांचं एक उत्तर शिल्लक होतं. समोर बसून ते मला देता आलं नसतं. मामांना वाचता येत नव्हतं. त्यांची पत्रं शामरावच्या हॉटेलात यायची आणि शामरावची नजर अधू, म्हणून ती महादेव शिंपी सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा. हे मला ठाऊक होतं. म्हणून पाकीट न घेता मी उघडं कार्ड घेतलं, आणि बारीक अक्षरात दोन्ही बाजू भरल्या. आधी कच्चं लिहून काढलं होतं, म्हणून ते अजून शब्दशः लक्षात आहे. कार्ड वाचून झाल्यावर हॉटेलात काय झालं ते शामराव दर वेळी वेगळं सांगायचा. एकदा म्हणाला, महादेव मधेच अडखळला. एकदा म्हणाला, मामांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मामा माझ्याकडे राहायला कधी आले नाहीत, शेवटपर्यंत शेलूबाजारलाच राहिले. कार्ड असं होतं:

"सुखदेवमामांना, सविनय जयभीम. महादेवकाका, तुम्ही वाचत असाल तर मोठ्याने वाचा, आणि काही गाळू नका.

मामा, तुम्ही माझं मत विचारलं होतं. तुम्ही हात मागे घेतला. दोनदा घेतला. महादेवकाका म्हणतात ते खरं आहे. तुम्हाला कळायला हवं होतं का? हवं होतं. इतकी वर्षं ज्याची पाठ चोळली त्याचं सरपटणं वेगळं आहे, हे जोडीदाराला कळायला हवं होतं. तुम्ही मला शिकवलंत, म्हणून तुमच्याशी खोटं बोलणार नाही. पण त्या वेळी तुमचं लक्ष चाचांवर नव्हतं, आमच्यावर होतं, आणि आम्ही उभं राहून आणखी मागत होतो. महादेवकाकाही उभे होते, मीही होतो. चाचांनी तुम्हाला माफ केलं का, हे मला माहीत नाही. आता कुणालाच कळणार नाही. जो सांगेल तो मनचं सांगेल, मग तो तुमच्या बाजूचा असो की विरुद्ध. हे माझं मत. यापेक्षा बरं मत माझ्याकडे नाही.

माझी नोकरी पक्की झाली आहे. खोली लहान आहे, पण दोघांना पुरेल. विहीर जवळ आहे. या गावात तुमची कुस्ती कुणी पाहिलेली नाही. इथे येऊन राहा."